हसऱ्या चेहऱ्याचा अर्ज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीला पणती येते, ईदला चंद्रकोर येते, पाडव्याला जोडलेले हात येतात. मोबाईलवरच्या शुभेच्छांमध्ये आता शब्द कमी आणि चित्रं जास्त झाली आहेत. बारशाचं निमंत्रण असो, पावसामुळे शाळेला सुट्टी दिल्याचा निरोप असो, की उद्या सोसायटीत पाणी येणार नसल्याची सूचना असो, शेवटी एखादं पिटुकलं चित्र चिकटवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. या चित्रांना इमोजी म्हणतात, हे आता आजी-आजोबांनाही ठाऊक झालं आहे. ठाऊक नसतं ते एवढंच, की ही चित्रं येतात कुठून?

बहुतेकांचा समज असा, की मोबाईल कंपनीतल्या कुणा चित्रकाराच्या मनात आलं आणि त्याने काढलं. तसं नाही. नव्या इमोजीमागे एक अर्ज असतो. त्या अर्जाची छाननी होते, पुरावे तपासले जातात, समितीसमोर चर्चा होते आणि मग मंजुरी तरी मिळते किंवा अर्ज फेटाळला तरी जातो. आपल्या कचेऱ्यांत फाईल फिरते तशीच ही फाईल फिरते. फरक असा, की हा अर्ज जगातल्या कुणालाही करता येतो. तुम्हाला, मला, अगदी शाळेतल्या मुलीलासुद्धा.

मी काही संगणकाचा माणूस नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण याच कचेरीत आपल्या मराठी अक्षरांच्याही फाईली आहेत, हे कळलं तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याचा सगळा संसार अक्षरांवर चालतो, त्याने अक्षरांची नोंद कुठे होते, कशी होते, एवढं तरी माहीत करून घ्यायला हवं.

अक्षर म्हणजे एक आकडा

मोबाईलला अक्षर कळत नाही, चित्रही कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. आपण 'अ' दाबतो तेव्हा आत २३०९ हा आकडा लिहिला जातो. समोरच्या माणसाकडे पोचतो तोही हा आकडाच. त्याचा मोबाईल आपल्याजवळच्या साठ्यातून २३०९ क्रमांकाचं अक्षर काढतो आणि पडद्यावर दाखवतो. इमोजीचंही तेच. हत्तीचा क्रमांक १,२८,०२४. रिक्षाचा १,२८,७६२. आपण हत्ती पाठवत नाही, हत्तीचा नंबर पाठवतो.

हा व्यवहार चालायचा तर दोन्ही टोकांना नंबर एकच हवा. तो नसला की काय होतं, हे ज्यांनी पूर्वी संगणकावर मराठी छपाईची कामं केली त्यांना विचारावं. एका फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला, की ज्ञानेश्वरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा काला दिसायचा. प्रत्येक फॉन्टचे आकडे निराळे. लेखासोबत फॉन्टही पाठवावा लागे.

हा गोंधळ जगभर होता. तो मिटवण्यासाठी १९९१ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात युनिकोड कन्सॉर्शियम नावाची ना-नफा संस्था नोंदवली गेली. काम एकच: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या तिच्या सदस्य आहेत आणि त्यांना मताचा अधिकार आहे. आज तिच्या यादीत दीड लाखाहून अधिक नोंदी आहेत. एकदा दिलेला क्रमांक परत काढून घेतला जात नाही, दुसऱ्याला दिला जात नाही. सातबाऱ्यावर नाव लागावं, तसंच हे. नाव लागलं की जमीन आपली. नाही लागलं, तर पिढ्यान्‌पिढ्या कसत असलात तरी कागदावर तुम्ही नाहीच.

देवनागरीची नोंद या यादीत अगदी सुरुवातीपासून आहे आणि त्या नोंदीचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची आपली स्वतःची आकडेपद्धत होती. संगणकावर भारतीय भाषा आणणारं 'जिस्ट' हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये वाढलं. युनिकोडने देवनागरीची मांडणी केली ती १९८८ च्या इस्कीवरून. म्हणजे त्या यादीत आपण रिकाम्या हाताने गेलो नव्हतो, आपला हिशेब लिहून घेऊन गेलो होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जपानचा पाहुणा

अक्षरांच्या यादीत चित्रं शिरली ती जपानमुळे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर, असा तो जपानी शब्द आहे. १९९९ साली एनटीटी डोकोमो या कंपनीच्या मोबाईल सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा एक संच तयार केला. प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांचं. पाऊस, छत्री, हृदय, चंद्राच्या कला, असं बरंच काही त्यात होतं. हा संच पुढे २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आपल्या दालनात घेतला.

जपानमधल्या इतर कंपन्यांनीही आपापली चित्रं काढली, आणि तिथेही आपल्या मराठी फॉन्टांचं दुखणंच उद्भवलं. एका कंपनीच्या ग्राहकाने पाठवलेलं हृदय दुसरीच्या फोनवर धड पोचेना. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत सहाशेहून अधिक चित्रांना क्रमांक मिळाले. २०११ साली ॲपलने जगभरच्या आयफोनच्या कळफलकात ही चित्रं दिली आणि मग ती घरोघर पोचली.

त्यामुळे आपण आज वापरतो त्यातली कितीतरी चित्रं मुळात जपानी संसारातली आहेत. जोडलेले हात तिकडे विनवणीचे, आभाराचे. आपण त्यांचा नमस्कार केला. चंद्रकोर चंद्राच्या कलांपैकी एक होती. आम्ही ती ईदला धाडू लागलो, आणि शेजारच्या घरातून कोजागरीला पूर्ण चंद्र येऊ लागला. शब्दाचा अर्थ वापरणारा ठरवतो, तसा चित्राचाही.

अर्जात काय लिहायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवं चित्र हवं असेल तर काय करायचं?

युनिकोडच्या संकेतस्थळावर अर्जाचा नमुना आणि नियम दिलेले आहेत. अर्ज इंग्रजीत करावा लागतो. अलीकडच्या वर्षांत वर्षातून एकदा, साधारण एप्रिल ते जुलै या काळात, अर्ज घेतले जातात. चित्राचं नाव, ते शोधताना लोक टाइप करतील असे शब्द आणि चित्राचा नमुना द्यावा लागतो. नमुना दोन मापांत: ७२ बाय ७२ ठिपके आणि १८ बाय १८ ठिपके. या दुसऱ्या मापातच बऱ्याच कल्पना गार होतात. भिंतीवर सुंदर दिसणारी वस्तू हरभऱ्याच्या डाळीएवढी केली की ओळखू येईलच असं नाही. नमुन्याचे हक्कही मोकळे करून द्यावे लागतात. दुसऱ्याचं चित्र उचलून चालत नाही.

मग येतो अर्जाचा गाभा, म्हणजे पुरावा. "आम्हाला आवडतं" एवढ्यावर काही होत नाही. हे चित्र लोक खरोखर वापरतील, हे दाखवावं लागतं. त्यासाठी गूगलवर तो शब्द किती शोधला जातो, छापील पुस्तकांत किती येतो, याचे आलेख जोडायचे असतात. आणि हे मोजायचं माप कोणतं? हत्ती! वापराच्या दृष्टीने हत्तीचं इमोजी साधारण मधोमध आहे असं मानून, आपली वस्तू हत्तीच्या तुलनेत कुठे बसते ते दाखवावं लागतं. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे हत्तीच जगाला चाचपून पाहतो.

याशिवाय काही प्रश्न असतात. या चित्राला एकाहून अधिक अर्थ आहेत का? इतर चित्रांशी जोडून त्यातून नवा अर्थ निघतो का? आधीच्या चित्रांनी भागत नाही का? मला हे प्रश्न फार आवडले. कवितेत प्रतिमा घेताना आम्ही याहून वेगळं काय विचारतो?

कशाला मंजुरी मिळत नाही, याचीही यादी आहे. कंपन्यांची बोधचिन्हं नाहीत. देवदेवता नाहीत. जिवंत वा दिवंगत, कुणीही विशिष्ट व्यक्ती नाही. विशिष्ट इमारत किंवा स्थळ नाही. नवे झेंडे सुचवता येत नाहीत. चार दिवसांच्या फॅशनच्या वस्तू नाहीत. फारच नेमकी वस्तू नाही. आणि लाखो सह्यांचं निवेदन जोडलं तरी ते पुरावा म्हणून धरलं जात नाही. सह्या गोळा करणं सोपं असतं. सह्या करणारे ते चित्र रोज वापरतील, याची हमी त्यात नसते.

हा कडकपणा कशासाठी? कारण दिलेला क्रमांक परत घेता येत नाही. फ्लॉपी, पेजर, फॅक्स यंत्र, व्हिडिओ कॅसेट ही सगळी चित्रं आजही आपल्या मोबाईलमध्ये बसून आहेत. वस्तू अडगळीत गेल्या, त्यांचे नंबर राहिले.

आलेले अर्ज आधी इमोजीसाठी नेमलेला छोटा गट पाहतो. त्याने निवडलेली चित्रं युनिकोडच्या तांत्रिक समितीपुढे जातात आणि अंतिम शिक्का तिथे बसतो. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपल्या हाताने चित्र काढते. मंजूर होते ती कल्पना आणि तिचा क्रमांक, रंगरेषा कंपनीच्या. म्हणून एकच चेहरा एका फोनवर खळखळून हसतो आणि दुसऱ्यावर नुसता दात दाखवतो. २०१६ साली ॲपलने पिस्तुलाच्या जागी मुलांची पाण्याची पिचकारी काढली, २०१८ पर्यंत इतर मोठ्या कंपन्यांनीही तेच केलं. नंबर तोच राहिला, शस्त्राचं खेळणं झालं. अर्जापासून चित्र आपल्या फोनवर येईपर्यंत साधारण दोन वर्षं जातात. आणि ज्याने फोन अद्ययावत केलेला नसतो, त्याला चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.

मंजूर झालेले काही अर्ज

२०१६ साली बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अल्हुमैदी या पंधरा वर्षांच्या सौदी मुलीच्या लक्षात आलं, की मैत्रिणींच्या गटात प्रत्येकीने स्वतःसाठी एक इमोजी निवडलंय. डोक्यावर रुमाल घेणाऱ्या आपल्यासारख्या मुलीसाठी मात्र एकही नाही. तिने अर्ज केला. २०१७ साली ते चित्र यादीत आलं. यादीतलं नाव आहे 'डोक्याला रुमाल बांधलेली व्यक्ती'. त्यात धर्माचा उल्लेख नाही, आणि मला ते योग्य वाटतं. डोक्यावरचा पदर आपल्याकडे कुणा एकाच घरात नव्हता. आणि पुण्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली धुळीपासून, उन्हापासून तोंड-डोकं गुंडाळतात, तेव्हा त्या रुमालाची जात कोण विचारतो?

डासाची कथा निराळी. हिवताप, डेंगी यांबद्दल लोकांना सावध करणाऱ्यांना एक सोपी खूण हवी होती. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं संवादविषयक केंद्र आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१७ साली अर्ज केला आणि २०१८ साली डास मंजूर झाला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या सूचना फिरतात, तेव्हा हे चित्र शंभर शब्दांचं काम करतं.

सगळ्यांत बोलका अर्ज मासिक पाळीचा. 'प्लॅन इंटरनॅशनल यूके' या संस्थेने पाळीबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून लोकांचा कौल घेतला. लोकांनी निवडलेलं अंतर्वस्त्राचं चित्र फेटाळलं गेलं. मग त्यांनी ब्रिटनच्या रक्तदान सेवेला सोबत घेऊन नुसत्या रक्ताच्या थेंबाचा अर्ज केला. २०१९ साली थेंब आला. तो पाळीचाही झाला, रक्तदानाचाही, मधुमेहाच्या तपासणीचाही. एकाच अर्थाचं चित्र दारात अडलं, अनेक अर्थांचं आत गेलं.

रिक्षा आली, शनिवारवाडा का नाही?

२०१९ हे साल आपल्यासाठीही महत्त्वाचं. त्या वर्षीच्या यादीत रिक्षा, साडी, पणती आणि देऊळ एकदम आले. त्याच खेपेला कांदा आणि लसूणही आले. त्याआधी २०१५ साली क्रिकेटची बॅट, २०१८ साली आंबा आणि मोर येऊन गेले होते. पुण्याची रिक्षा काळी-पिवळी आणि दिल्लीची हिरवी-पिवळी, हा वाद यादीत नाही. तिथे फक्त रिक्षा आहे. मीटरने येणारी की न येणारी, हेही नमूद नाही.

आता कुणी म्हणेल, मग गणपतीसाठी अर्ज करू. नियमात देवदेवता बसत नाहीत. मोदकासाठी करू? पारीत सारण भरून बनवलेल्या पदार्थाचं चित्र २०१७ सालीच आलं आहे. त्यासाठी न्यूयॉर्कच्या पत्रकार जेनिफर ली आणि चित्रकार यियिंग लू यांनी अर्ज केला होता, आणि तेव्हापासूनच सामान्य माणूसही अर्ज करू शकतो याचा बोलबाला झाला. समिती म्हणेल, तुमचा मोदक त्यातच धरा. पुरणपोळी? पोळी-भाकरीसारख्या चपट्या भाकरीचं चित्र २०२० पासून आहे, आत पुरण आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. ढोल? लांबोळका ढोल २०२० सालीच आला. शनिवारवाडा? विशिष्ट इमारत चालत नाही.

इथे मात्र हुशार श्रोता विचारील, की मग टोकियोचा मनोरा, फुजी पर्वत, जपानचा नकाशा आणि न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा यादीत कसे? उत्तर सरळ आहे. ते जपानी कंपन्यांच्या जुन्या संचांत होते. २०१० साली तो संच जसाच्या तसा घेतला गेला. नियम नंतर झाले. पंगत बसली तेव्हा जे हजर होते, त्यांची पानं वाढली गेली. यात कुणाचा दुष्टावा नाही. पण हजर असण्याला किती किंमत असते, ते यातून कळतं.

अक्षरांच्या फाईली

हेच दार आपल्या अक्षरांचंही आहे. चित्राला जसा अर्ज, तसा अक्षरालाही अर्ज. तिथे हत्तीचं माप नसतं. तिथे जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, व्याकरणं पुरावा म्हणून जोडावी लागतात.

सर्वांत वेगाने मंजूर झालेली आपली फाईल रुपयाची. पवईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांनी देवनागरी र आणि रोमन लिपीतला आर यांच्या मेळातून काढलेलं चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. ऑक्टोबर २०१० मध्ये ते युनिकोडच्या यादीत आलं, क्रमांक ८३७७. तीन महिन्यांत! एका देशाचं सरकार मागे उभं राहिलं की फाईल अशी धावते.

मराठी अक्षरांना मागे उभं राहणारा असा कुणी मिळतोच असं नाही. 'ॲ' हे अक्षर घ्या. बँक, कॅमेरा यांतला चंद्र आपण व्यंजनावर देतो. पण शब्दाच्या सुरुवातीला आला की 'अ'वर चंद्र देणं ही मराठीची रीत. हिंदीत तो 'ए'वर देतात. युनिकोडच्या पहिल्या यादीत हिंदी रीतीचं अक्षर होतं, मराठीचं नव्हतं. ते आलं २००८ साली, क्रमांक २४१८. तोवर सतरा वर्षं आपला ॲडव्होकेट एक तर हिंदी वेषात फिरत होता किंवा अ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयाने आपल्या वर्णमालेतही 'ॲ' आणि 'ऑ' यांना अधिकृत जागा दिली.

दुसरं उदाहरण या भाषणाच्या शीर्षकातच आहे. हसऱ्या, चेहऱ्याचा, वाऱ्याचा या शब्दांतला तो आडवा, पापणीसारखा दिसणारा र. हिंदीला तो लागत नाही. मराठीला लागतो, आणि नुसता शोभेला नाही लागत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी यांत केवढं अंतर! यादीत र चा क्रमांक २३५२, आणि लगेच शेजारी २३५३ वर दक्षिणेकडच्या भाषांतला कडक र लिहिण्यासाठी ठेवलेलं नुक्त्याचं अक्षर आहे. त्या शेजाऱ्याला अर्धं करून आपला आडवा र उमटवायचा, अशी सोय युनिकोडने मराठीसाठी नियमात लिहून ठेवली. सोय आहे, पण ती माहीत नसल्यामुळे अजूनही फलकांवर आणि सूचनापत्रांत 'चेहर्‌याचा' असा लंगडा शब्द आपल्याला दिसतो.

मराठी वळणाचा ल आणि श यांची तऱ्हा तिसरीच. त्यांना वेगळा क्रमांक नाही. युनिकोडचं म्हणणं, अक्षर तेच आहे, वळण वेगळं. वळण सांभाळणं हे फॉन्ट करणाऱ्याचं काम. रिक्षाच्या रंगाचा न्याय इथेही लागू होतो. तेव्हा मराठी ल मोबाईलवर दिसत नसेल, तर तक्रार युनिकोडकडे करून उपयोग नाही. मराठी वळणाचा फॉन्ट मागायला हवा.

मोडीचा नंबर

आता पुणेकरांच्या अगदी घरची फाईल. मोडी. पेशवे दप्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीतल्या कागदांचे रुमाल भरून आहेत. लाखो कागद. वतनांचे तंटे, फौजेचे खर्च, कर्जाच्या चिठ्ठ्या, सासरी गेलेल्या लेकीच्या खुशालीची पत्रं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळेत शिकवली जात होती. तिचे छापखान्याचे खिळे तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात वापरात होते.

अशा या लिपीला संगणकाचा नंबर कधी मिळाला? जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत. तोवर मोडीचा कागद संगणकावर ठेवायचा तर त्याचं छायाचित्र ठेवावं लागे. त्यातली अक्षरं अक्षरं म्हणून संगणकाला ठाऊकच नव्हती. या मंजुरीसाठी सविस्तर प्रस्ताव लिहिला तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाशी संबंधित असलेल्या अंशुमान पांडे यांनी. त्यांनी एकट्या मोडीसाठी नव्हे, भारतीय उपखंडातल्या अनेक विस्मृत लिप्यांसाठी असे प्रस्ताव लिहिले आहेत. मोडीच्या प्रस्तावात अक्षरांचे तक्ते आहेत, जोडाक्षरांच्या तऱ्हा आहेत, जुन्या कागदांचे नमुने आहेत. मोडीची ७९ चिन्हं त्यातून यादीत आली.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कृतज्ञतेची: दूर देशी बसून कुणी आपल्या आजोबांच्या अक्षरांसाठी फाईल चालवली. दुसरी थोडी बोचणारी. मोडीला खिळे मिळाले तेव्हा ती रोजच्या वापरात होती. नंबर मिळाला तेव्हा ती वाचणारे शोधावे लागत होते. त्या अर्जाचा पुरावा दप्तरांत होता, म्हणून काम झालं. दप्तर जपलं नसतं, तर प्रस्ताव लिहायला माणूस असूनही जोडायला काही उरलं नसतं.

पुरावा कोण तयार करतं?

चित्राची फाईल असो की अक्षराची, शेवटी प्रश्न एकच विचारला जातो: हे तुम्ही वापरता का, आणि वापरता हे दिसतं कुठे? हा पुरावा समिती तयार करत नाही, अर्ज करणाराही करत नाही. तो आपण रोज तयार करत असतो किंवा करत नसतो. वर्तमानपत्रात, पुस्तकात, गूगलच्या शोधात जे लिहिलं जातं, तेच मोजलं जातं. आपण मनात जपलेलं कुणी मोजत नाही.

आपली कितीतरी माणसं आज मोबाईलवर मराठी लिहितात ती रोमन लिपीत. 'कसा आहेस' हे इंग्रजी अक्षरांत. घाई असते, सवय असते, मी त्यांना दोष देत नाही. पण त्या लिहिण्यात ळ नसतो, ण नसतो, दर्या आणि दऱ्या एकच होऊन जातात. इस्कीचा हिशेब घेऊन आपण १९९१ साली त्या दारात गेलो, तेव्हा मागे काम करणारी माणसं होती. तसं काम आता प्रत्येकाच्या अंगठ्याखाली आलं आहे. मोबाईलच्या कळफलकात मराठी चालू करायला दोन मिनिटं लागतात. आडवा र काढायला शिकायला त्याहूनही कमी.

आणि ज्यांना चित्रांचं वेड आहे अशा मुलामुलींना सांगावंसं वाटतं, की अर्जाला फी नाही, पदवी लागत नाही. एखाद्या शाळेने वर्गात हा प्रकल्प करून पाहावा. जातं, तुळशीवृंदावन, कोल्हापुरी चप्पल, पाटा-वरवंटा. यातलं काय जगाला लागेल आणि काय आधीच्या चित्रात भागतं, याचा विचार करावा. ते अठरा ठिपक्यांच्या चौकटीत काढून पाहावं. गूगलवर हत्तीच्या शेजारी ठेवून पाहावं. अर्ज फेटाळला गेला तरी मुलांना एक गोष्ट कळेल, की आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याला समजावून सांगायची म्हणजे आधी आपल्याला ती नीट पाहावी लागते. अर्जाची मुदत बहुधा एप्रिलपासून असते. आपल्याकडे तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात.